सही सरपंचाची, कारभार उपसरपंचाचा: मग सत्ता कोणाची?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. त्यांच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव होतं आणि त्या थेट जनतेतून निवडून आल्या. नऊ सदस्यांपैकी सहा उपसरपंचांच्या गटाचे आहेत. मासिक सभेचे विषय उपसरपंच ठरवतात, ठेकेदार त्यांच्याच ओसरीवर बसलेले असतात आणि ताईंच्या पुढ्यात शेवटी सहीपुरता कागद येतो. पारावर लोक बोलतात, "बाई साताऱ्याच्या गादीवर, कारभार पुण्यातून." ताई विचारतात, खरी सत्ता नक्की कोणाकडे आहे? मी नावापुरतीच सरपंच आहे का?

मी ग्रामसेवक म्हणून नोकरीला लागलो आणि पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. सरपंच आणि उपसरपंच यांच्या मधल्या खुर्चीवर बसून नोकरी गेली, त्यामुळे हा प्रश्न मला पुस्तकातून कळलेला नाही. ताई, तुम्ही एक प्रश्न विचारला आहे, पण त्यात तीन प्रश्न एकत्र आले आहेत. अधिकार कोणाचा, गाव कोणाचं ऐकतं, आणि उद्या चौकशी लागली तर उत्तर कोणी द्यायचं? या तिन्हींची उत्तरं तुमच्या गावात आज वेगवेगळी आहेत. तुमची घुसमट तिथूनच येते.

अधिकाराचं आधी सांगतो, कारण ते सगळ्यात स्पष्ट आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 38 प्रमाणे पंचायतीचे कार्यकारी अधिकार सरपंचाकडे आहेत, आणि पंचायतीची कर्तव्यं पार पडतात की नाही याला थेट जबाबदारही सरपंचच. सभा बोलावणं, अध्यक्षस्थान घेणं, पैशाच्या आणि कामाच्या कारभारावर लक्ष ठेवणं, कर्मचाऱ्यांवर देखरेख करणं हे सगळं त्यात आलं. उपसरपंचाचं काय? तुम्ही गैरहजर असाल तर ते सभा चालवतील. तुम्ही जे काम सोपवाल ते करतील. सरपंचपद रिकामं असेल किंवा सरपंच काम करू शकत नसेल तर तेवढ्या काळापुरता कारभार पाहतील. म्हणजे तुम्ही हजर आणि धडधाकट असताना उपसरपंचाकडे तुम्ही दिल्याखेरीज एकही वेगळा अधिकार नाही. राहतं फक्त एका सदस्याचं मत.

इथे बरेच लोक राज्याकडे बोट दाखवतात. उपमुख्यमंत्र्यांचं केवढं वजन असतं, मग उपसरपंचाचं का नसावं? या दोन पदांची बांधणीच वेगळी आहे. राज्यघटनेत उपमुख्यमंत्री हे पदच नाही. अनुच्छेद 164 मध्ये मुख्यमंत्री आहे आणि इतर मंत्री आहेत. महाराष्ट्रात 1978 साली नासिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री झाले तेही आघाडीची गरज म्हणून. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं की या पदानं घटनेचा भंग होत नाही आणि उपमुख्यमंत्री हा शेवटी एक मंत्रीच असतो. मग वजन येतं कुठून? खात्यातून आणि आमदारांच्या आकड्यातून. 1995 मध्ये गोपीनाथ मुंडे उपमुख्यमंत्री होते आणि गृहखातं त्यांच्याकडे होतं. 2022 साली 105 आमदार निवडून आणलेल्या पक्षाचे नेते उपमुख्यमंत्री झाले आणि सुमारे चाळीस आमदारांचे नेते मुख्यमंत्री. खरी सत्ता कोणाची, असं तेव्हा सगळा महाराष्ट्र विचारत होता, आणि तो प्रश्न आकड्यामुळेच पडला होता. उपसरपंचाला खातं मिळत नाही. कायद्यात पद आहे, पण हातात खातं नाही. त्याच्याकडे येऊ शकतो तो फक्त आकडा. तुमच्या गावात तो सहा आहे.

हा आकडा उपसरपंचाकडेच का जातो, याचं कारण रचनेत आहे आणि ते नवीन सरपंचांना कोणी सांगत नाही. सरपंचपदाला आरक्षण आहे. 73 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, तिने महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा ठेवल्या आणि महाराष्ट्रानं 2011 मध्ये ते प्रमाण निम्म्यावर नेलं. उपसरपंचपदाला आरक्षण नाही, ते सदस्य आपापसात निवडतात. त्यामुळे सोडतीत ज्या घराण्याचं सरपंचपद हुकतं ते सरळ उपसरपंचपदाकडे वळतं. मी पाहिलेल्या गावांमध्ये हे इतक्यांदा घडलं की आरक्षणाची सोडत निघाली की पुढचा उपसरपंच कोण, हे चहाच्या टपरीवरच ठरलेलं असायचं. त्यात 2017 मध्ये थेट निवडणूक आली, 2020 मध्ये ती रद्द झाली आणि 2022 मध्ये परत आली. थेट निवडणुकीत सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचं, असं होणं अगदी शक्य आहे. तुमच्याकडे तेच झालं आहे.

पण याच थेट निवडणुकीत तुमची ताकदही आहे. उपसरपंच एका प्रभागातून निवडून आले, तुम्हाला सगळ्या गावानं मत दिलं. त्यांना उपसरपंच सदस्यांनी केलं, म्हणून त्यांना रोज सदस्य सांभाळावे लागतात. तुम्हाला सहा सदस्यांनी सरपंच केलेलं नाही, त्यामुळे ते तुम्हाला सहज काढूही शकत नाहीत. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. त्यानंतर आणला तरी तीन चतुर्थांश बहुमत लागतं आणि वर ग्रामसभेत गुप्त मतदानानं तो मंजूर व्हावा लागतो. नवातले सहा म्हणजे तीन चतुर्थांश होत नाहीत. "अविश्वास आणू" अशी धमकी कोणी दिली तर हा हिशेब लक्षात ठेवा.

आता दुसरा प्रश्न, गाव कोणाचं ऐकतं. इथे कायदा फार मदत करत नाही आणि मी खोटा धीर देणार नाही. उपसरपंचाची सत्ता बहुतेक वेळा ग्रामपंचायतीतून येतच नाही. ते स्वतः किंवा त्यांचा भाऊ विकास सोसायटीचा चेअरमन असतो, म्हणजे पीककर्जाचा अर्ज त्यांच्या हातून जातो. दूध संकलन केंद्र त्यांच्या घरचं असतं. उसाची तोड कधी येणार हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाला, विचारायचं तर त्यांच्यामार्फत. आमदारांचा दौरा आला की गाडी त्यांच्या दारात थांबते. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला जीप त्यांचीच. लोक त्यांना मान देतात तो या सगळ्याचा, आणि त्यातला काही मान त्यांनी खरोखर कष्टानं कमावलेलाही असतो. हे नाकारून चालणार नाही. सरपंचपद मिळालं म्हणून पहिल्या महिन्यात ही सगळी माणसं तुमच्याकडे वळतील, अशी अपेक्षा धरू नका.

म्हणूनच उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती परिस्थिती तुम्ही पूर्ण लिहिलेली नाही. तुम्ही उपसरपंचांच्याच पॅनलमधून निवडून आलात का? निवडणुकीचा खर्च कोणी केला? तसं असेल तर ते तुमच्याकडे मदतीची परतफेड मागत आहेत आणि तो पेच कायद्याच्या कलमानं सुटत नाही. तुम्ही त्यांच्या विरोधात निवडून आला असाल तर प्रकरण सरळ आहे, सभेत बहुमत त्यांचं आणि अंमलबजावणी तुमची. आणखी एक गोष्ट. तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीच्या असाल आणि तुम्हाला धाक दाखवून काम करू दिलं जात नसेल, तर तो गुन्हा आहे. पंचायतीच्या सदस्याला किंवा अध्यक्षाला कर्तव्य करण्यापासून अडवणं हे अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनं स्पष्ट लिहिलं आहे. तिथे समजुतीच्या गोष्टी करत बसू नका, लेखी तक्रार द्या.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या डोळ्यांसमोर माणसं त्यात बुडाली आहेत. एका गावात सरपंच बाई होत्या, ऊसतोडीला जाणारं कुटुंब. राखीव जागा म्हणून गावातल्या एका पुढाऱ्यानं त्यांना उभं केलं आणि स्वतः उपसरपंच झाला. बाई सहा महिने कारखान्यावर, जाण्याआधी कोऱ्या धनादेशांवर सह्या करून गेलेल्या. गटाराचं काम कागदावर पूर्ण झालं, गावात अर्धवट. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, चौकशी झाली आणि वसुलीची नोटीस निघाली ती सरपंच आणि ग्रामसेवकाच्या नावानं. उपसरपंचाची एकाही कागदावर सही नव्हती. सगळा कारभार त्यानं केला होता, पण पुराव्याला तो कुठेच नव्हता. बाई मला विचारत होत्या, "साहेब, मी तर एक रुपया पाहिला नाही, मग मी कशी देऊ?" कायद्याकडे याचं उत्तर एकच असतं, सही कोणाची?

कलम 39 मध्ये गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर केल्याबद्दल पदावरून काढण्याची तरतूद आहे. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि विभागीय आयुक्त निर्णय देतात. सबळ कारणाशिवाय सभा घेतल्या नाहीत तरी पद जाऊ शकतं, आणि सभा बोलावण्याची जबाबदारी तुमची आहे. "विषय उपसरपंच ठरवतात" हे तिथे सांगून उपयोग होत नाही. तेव्हा ताई, अधिकार वापरला नाही तरी जबाबदारी कमी होत नाही. अधिकार सोडलात तर तो जाईल, जबाबदारी मात्र तुमच्याकडेच राहील. सत्ता कोणाची याची चर्चा पारावर कितीही होऊ दे, तुमच्या घरावर नोटीस येण्याचा धोका आज खरा आहे.

पारावरच्या त्या साताऱ्या-पुण्याच्या बोलण्याबद्दल एवढंच सांगतो. ते अर्धाच इतिहास सांगतात. 1749 मध्ये शाहू महाराज गेले आणि कारभार पुण्याला गेला, हे खरं. पण त्यानंतरही प्रत्येक पेशव्याला वस्त्रं साताऱ्याहूनच आणावी लागली. 1774 मध्ये बारभाईंनी चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवा केलं तेव्हा त्यालाही साताऱ्याच्या वस्त्रांशिवाय मान्यता नव्हती. राघोबादादा त्याच पदावर हक्क सांगत होते, म्हणून तर त्या वस्त्रांची एवढी गरज पडली. सगळं सुरळीत असतं तेव्हा गादीची आठवण होत नाही. भांडण लागलं की मात्र प्रत्येकाला गादीच्या दारात यावं लागतं. तुमच्या सहीचंही तसंच आहे. फरक इतकाच की सातारचे महाराज पुढे जवळजवळ नजरकैदेत होते, तुम्हाला ग्रामपंचायतीत जाण्यापासून कोणी रोखलेलं नाही.

तर इथवरचा हिशेब असा: कायद्यानं अधिकार तुमचा, सभेत आकडा त्यांचा, गावात वजन आज त्यांचं, आणि जबाबदारी पूर्ण तुमची. यातल्या आकड्यावर आणि वजनावर लगेच काही करता येणार नाही. अधिकार आणि जबाबदारी यांचा मेळ मात्र उद्यापासून घालता येईल.

सगळ्यात आधी डोंगल, म्हणजे संगणकाला लावायची डिजिटल सहीची छोटी किल्ली. वित्त आयोगाचा निधी आता ऑनलाइन खर्च होतो. ग्रामसेवक, म्हणजे आताच्या नावानं ग्रामपंचायत अधिकारी, देयक तयार करतात आणि सरपंचाच्या डिजिटल सहीनं ते मंजूर होतं. त्या सहीचं डोंगल कितीतरी गावांत संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं, पासवर्ड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून त्यालाच चिकटवलेला. "ताईंना कुठे बोलवायचं सारखं," म्हणून कोणीतरी बटण दाबतं. पूर्वी खोटी सही करायला निदान हात चालवावा लागायचा. कायद्याच्या दृष्टीनं ते बटण तुम्हीच दाबलेलं असतं. तुमचं डोंगल आत्ता कुठे आहे, हे तुम्हाला सांगता येत नसेल, तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

दुसरं प्रोसिडिंग बुक. सभेत काय झालं याला पुरावा तेवढाच. इतिवृत्त सभेतच लिहून घ्या, ग्रामसेवकांना मोठ्यानं वाचायला सांगा, मध्ये कोरी ओळ सोडू देऊ नका, मग सही करा. प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक असतो. विषय उपसरपंचांनी आणला असेल तर सूचक म्हणून त्यांचंच नाव लिहिलं गेलं पाहिजे. यात भांडण नाही, आदरानंच म्हणा, "भाऊ, विषय तुम्ही मांडलाय, नाव तुमचंच लागू द्या." जी माणसं पडद्यामागून कारभार करतात त्यांना आपलं नाव कागदावर यायला नको असतं. नाव लिहायची सवय लागली की निम्मे चुकीचे विषय आपोआप गळतात, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे. एखादा ठराव तुम्हाला पटला नाही आणि तो बहुमतानं झाला, तर तुमचा विरोध कारणासह लिहून घ्या. ठराव बेकायदा वाटत असेल तर गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच ठेवा.

कामाच्या देयकावर सही करण्याआधी जागेवर जाऊन या. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिका या तिन्ही गोष्टी मागा. समजलं नाही तर शाखा अभियंत्याला विचारा, त्यात कमीपणा नाही. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक हिस्सा बंधित असतो, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करता येतो. एवढी एक गोष्ट पाठ असली तरी सभेत तुमच्याशी बोलण्याचा सूर बदलतो.

आणि ग्रामसभा. मासिक सभेत तुम्ही अल्पमतात आहात, ग्रामसभेत ते गणित लागू नाही. तिथे सगळं गाव बसतं आणि अध्यक्ष तुम्ही असता. घरकुलाच्या यादीपासून गावाच्या विकास आराखड्यापर्यंतचे विषय तिथे येतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी लागते, ती अनेक गावांत फक्त कागदावर होते. तुम्ही ती खरी घ्या. बचत गटाच्या बायकांना निरोप पाठवा, विषय आधी समजावून सांगा. मी एका गावात पाहिलं, पाण्याच्या टाकीची जागा दोन वर्षं पुढाऱ्याच्या शेताजवळ अडकली होती. महिला सभेत चाळीसेक बायका आल्या, वस्तीजवळ टाकी पाहिजे म्हणाल्या आणि ग्रामसभेतही आल्या. बहुमतवाले सदस्य गप्प बसले, कारण समोर त्यांच्याच प्रभागातले मतदार होते. सरपंच बाईंनी त्या दिवशी कोणाशी वाद घातला नाही.

उपसरपंचांशी वैर धरा असं मी म्हणत नाही. मी असेही उपसरपंच पाहिले आहेत ज्यांनी नवख्या सरपंचाला हाताला धरून नमुना 1, म्हणजे अंदाजपत्रकाच्या नमुन्यापासून सगळं शिकवलं आणि कधी पुढे पुढे केलं नाही. तुमचे उपसरपंच कामाला खमके असतील तर त्यांना काम द्या, पण लेखी द्या. पाणीपुरवठ्याची देखभाल तुम्ही बघा, दर मासिक सभेत अहवाल द्या, असं पत्र काढा. मग ते जे करतील ते तुम्ही सोपवलेलं असेल आणि त्याची जबाबदारी त्यांच्याही नावावर येईल. घरच्या पुरुषांचंही तेच. पती किंवा दीर मदत करत असतील तर घरी करू द्या, ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर तुम्हीच बसा. एका माणसाच्या हातून कारभार काढून दुसऱ्याच्या हाती दिला तर तुमच्या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

पुढच्या मासिक सभेची नोटीस निघण्याआधी ग्रामसेवकांना एक पत्र द्या. त्यात चारच ओळी लिहा. विषयपत्रिका माझ्या मंजुरीशिवाय काढू नये. नोटीस नियमाप्रमाणे निदान तीन पूर्ण दिवस आधी सदस्यांना मिळावी. माझ्या डिजिटल सहीचं डोंगल आजच माझ्या ताब्यात द्यावं आणि पासवर्ड माझ्यासमोर बदलावा. मी पदावर आल्यापासून मंजूर झालेल्या सगळ्या देयकांची यादी मला द्यावी. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. यादी हातात आली की त्यातली कुठली कामं तुम्ही डोळ्यांनी पाहिलेली नाहीत ते बघा, आणि पहिली फेरी तिथून सुरू करा.